मुलाकडची मंडळी

रविवार, ९ मार्च

व्याह्यांकडून आत्ताच घरी आलो. पोट तुडुंब आहे आणि तोंड उतरलंय. दोन्हीला कारण मीच. लेकीचं लग्न ठरलं की चार ओळी लिहून ठेवाव्यात असं मनात होतंच, त्याला आजचा मुहूर्त लागला.

होणाऱ्या जावयाचं, अदायचं, घर गीसनजवळच्या एका लहान गावात आहे. वडील याकूबराव (राव मी लावलं, त्यांना आवडलं), त्यांचं कपडे आल्टर करून देण्याचं दुकान. आई मरियम. आणि मरियमताईंची आई, शमूनी आजी, जिला विचारल्याशिवाय त्या घरात दिवासुद्धा लागत नसावा. ही माणसं तुर्कस्तानातल्या तूर अब्दीन नावाच्या डोंगराळ मुलखातली, ख्रिश्चन. घरात बोलतात ती त्यांची स्वतःची भाषा, सुरयत. अदाय आणि आमची स्पृहा फ्रांकफुर्टला एकाच ऑफिसात आहेत. मुलगा सरळ, कामसू, आणि चहाला नाही म्हणत नाही. मला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

जेवायला बुलगुरच्या, म्हणजे दलियाच्या पारीत सारण भरलेले गोळे होते, आमच्यासाठी मुद्दाम बटाट्याचे. तिसरा गोळा तोंडात असताना मी आपला सहज म्हणालो, म्हणजे तुम्ही सीरियन. याकूबरावांचा काटा हवेतच राहिला. मग त्यांनी सावकाश सांगितलं की सीरियन नव्हे, असिरियन, प्राचीन निनवे शहराचे. त्याच क्षणी स्वयंपाकघरात मरियमताईंनी पातेलं जरा जोरात ठेवलं.

विषय बदलावा म्हणून मी कोणत्याही मराठी माणसाने लग्नघरी विचारावं ते विचारलं. मुलाचे मामा दिसले नाहीत कुठे? आजी खिडकीबाहेर बघायला लागली. मरियमताईंनी न विचारता माझ्या पानात आणखी दोन गोळे वाढले.

गाडीत बसल्यापासून एश्बॉर्न येईपर्यंत स्पृहाने माझी हजेरी घेतली, जर्मनमध्ये. ती आमच्याशी जर्मनच बोलते. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा या घरातला रिवाज ती किंडरगार्टनला जायला लागली तेव्हापासूनचा आहे. कळतं तिला सगळं. अगदी आम्ही हळू आवाजात बोललेलंसुद्धा.

सोमवार, १० मार्च

मामांचं प्रकरण कळलं. त्यांचं नाव हान्ना. (त्यांच्यात हे पुरुषाचं नाव आहे.) वीसबाडेनला त्यांचं इटालियन हॉटेल आहे. मरियमताईंचे सख्खे धाकटे भाऊ.

१९१५ साली यांच्या लोकांची तुर्कस्तानात कत्तल झाली. ते त्या काळाला सैफो म्हणतात, म्हणजे तलवार. त्या मेलेल्यांसाठी इथल्या चर्चच्या आवारात एक दगड उभारायचा ठरला. वर्गणी निघाली, दगड आला, घासूनपुसून तयार झाला. आता त्यावर लोकांचं नाव काय कोरायचं? याकूबराव आणि त्यांची मंडळी म्हणाली, असिरियन. हान्नाराव आणि त्यांची मंडळी म्हणाली, अरामी. आपसात आपल्या भाषेत ते स्वतःला सुर्योये म्हणतात त्याबद्दल वाद नाही. पण जर्मनमध्ये कोरायची वेळ आली आणि सगळं बिनसलं. तो दगड अजून ताडपत्रीखाली पडून आहे. मेहुणे-मेहुणे तेव्हापासून एका टेबलाला बसलेले नाहीत. हान्नाराव आईला भेटायला येतात ते फाटकापर्यंत, आणि म्हातारी शाल गुंडाळून बाहेर जाते.

चर्चमध्ये लग्न लागणार नाहीच. स्पृहा बाप्तिस्मा घेणार नाही म्हणाली. याकूबरावांनी ते निमूट गिळलं, त्याचं मला कौतुक वाटतं. तेव्हा आधी श्टांडेसाम्टमध्ये नोंदणी आणि दुसऱ्या दिवशी हॉलवर आपला विधी. आता आपल्या विधीत अंतरपाट धरला की मुलीमागे मुलीचा मामा आणि मुलामागे मुलाचा मामा. मामा नाही म्हणजे काय?

ऑफिसात असा घोळ समोर आला की मी मूळ कारण शोधतो. पाच वेळा का विचारलं की कारण सापडतंच. आजवर एश्बॉर्नमधल्या भल्याभल्या सॉफ्टवेअरची मी ही गत केली आहे. इथे तर नुसता नावाचा प्रश्न आहे. स्नेहलताला म्हटलं, हे मी सोडवतो. ती म्हणाली, अहो, तुम्हाला कोणी सांगितलंय?

रविवार, १६ मार्च

आठवडाभर वाचतोय. एवढं कॉलेजात वाचलं असतं तर बरं झालं असतं.

प्रकार असा आहे. यांची जुनी लिहायची भाषा, जिला जग सिरियाक म्हणतं, ती अरामी भाषेचीच एक बोली. उर्हाय नावाच्या शहरातली, ज्याला आज उर्फा म्हणतात. तिथल्या लोकांनी ती अशी घडवली की इराणपासून चीनपर्यंत आणि खाली केरळापर्यंत तिच्यात प्रार्थना झाल्या. म्हणजे भाषेपुरतं हान्नारावांचं बरोबर.

आता नाव. ग्रीकांनी असिरियाचा उच्चार झिजवून सिरिया केला असं पुष्कळ विद्वान म्हणतात. तुर्कस्तानात दगडी रथावर उभ्या असलेल्या एका देवाच्या मूर्तीवर लेख सापडला, दोन भाषांत. एका भाषेत जिथे अश्शूर आहे तिथे दुसऱ्या भाषेत सूर आहे. हा लेख ख्रिस्ताच्याही सातेकशे वर्षं आधीचा. म्हणजे नावापुरतं याकूबरावांचं बरोबर.

मग भांडण कुठे उरलं? एकाची भाषा, दुसऱ्याचं नाव. वाचता वाचता मी टेबलावर थाप मारली. स्नेहलता दचकून उठली. प्रेझेंटेशन करायला घेतलं आहे.

बुधवार, १९ मार्च

एका पुस्तकात लिहिलंय की आपली ब्राह्मी लिपी, जिच्यापासून आपली देवनागरी आली, तीसुद्धा मुळात अरामी अक्षरांवरून घेतली असावी. असावी म्हणे. पुस्तक मिटलं. आज काही वाचणार नाही.

शुक्रवार, २१ मार्च

राग गेला. सगळ्या विद्वानांना ते मान्य नाही असं दिसतं, त्यामुळे जेवण गेलं नीट. शिवाय सम्राट अशोकाने कंदाहारला आपला लेख खोदवला तो ग्रीकमध्ये आणि अरामीमध्ये. आपल्या राजाने यांच्या भाषेत लिहिलं! म्हणजे सोयरीक आजची नाही. हे स्लाइडवर घेतलं, अशोकस्तंभाच्या चित्रासकट.

खरं सांगायचं तर मला या माणसांचा अभिमान वाटायला लागलाय. अजून लग्न लागायचंय आणि मी ऑफिसात जेवताना सगळ्यांना सांगत असतो, माझ्या व्याह्यांची भाषा येशूच्या भाषेची सख्खी बहीण आहे. आमचा टीमलीड नुसता "या, या" करतो, म्हणजे जर्मनमध्ये हो, हो. त्याच्या व्याह्यांची भाषा कोणती, त्याला विचारायला पाहिजे एकदा.

रविवार, ३० मार्च, पाडवा

बाल्कनीत गुढी उभारली. शेजारच्या फ्राउ केलरनी खालून विचारलं की तांब्या वाऱ्याने पडणार नाही ना. दरवर्षी विचारतात.

याकूबराव, मरियमताई आणि आजी जेवायला आले. याकूबराव गुढीकडे बघून खूश झाले, कारण त्यांचा नववर्षाचा सण एक एप्रिलला, परवाच. बॅबिलोनपासून चालत आलेला, म्हणाले. मरियमताई हळूच म्हणाल्या की त्यांच्या माहेरी हा सण करत नाहीत. मग दोघंही श्रीखंडाकडे वळले.

दुपारी आजी आणि स्पृहा सोफ्यावर बसून बोलत होत्या. सुरयतमध्ये! वर्षभरात पोरगी त्यांची भाषा बोलायला लागली, अडखळत का होईना. आजी तिच्या गालाला हात लावून एकेक शब्द तिच्याकडून म्हणून घेत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहिलो. आनंद झाला. पण जन्मापासून माझ्या घरात मराठी ऐकतेय, आणि मला अजून उत्तर येतं ते "गेनाऊ, पापा", म्हणजे बरोबर आहे.

स्नेहलताला म्हटलं तर ती म्हणाली, असू द्या हो, शिकतेय ना काहीतरी. तिला कशाचं वाईट म्हणून वाटत नाही.

कराडहून कुंदाचा फोन आला. माझी ही धाकटी बहीण हल्ली रोज स्पृहाला व्हिडिओ कॉल करते. मी खोलीत गेलो की दोघी गप्प. रुखवताची गुपितं असणार.

रविवार, ६ एप्रिल

बीमर (प्रोजेक्टर) घेऊन याकूबरावांकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर प्रेझेंटेशन दाखवलं. निनवेच्या भागापर्यंत ते मान डोलवत होते. भाषा अरामी, ही स्लाइड आली आणि त्यांनी उठून खोलीतला दिवा लावला. चहा आला, पण साखर विचारली नाही.

काही हरकत नाही. पहिल्या फेरीत कोणतीच टेस्ट पास होत नसते.

शनिवार, २६ एप्रिल

आज वीसबाडेनला हान्नारावांच्या हॉटेलात. बरोबर स्नेहलता, लॅपटॉप, नारळ, सुपारी आणि अक्षता. अक्षत द्यायची ती घरी जाऊन, फोनवर नाही, यावर स्नेहलता ठाम होती. याकूबरावांना विचारायला हवं होतं का, हा विचार हायवेला लागल्यावर आला, आणि तिथून गाडी वळवता येत नाही.

हान्नाराव धिप्पाड, पांढऱ्या मिशा, हाताला पीठ. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं आणि मी लॅपटॉप उघडला. भाषा अरामी या भागात त्यांनी मिशीवरून हात फिरवला. नाव असिरियन, ही स्लाइड आली. त्यांनी पिठाच्या एका बोटाने लॅपटॉपचं झाकण मिटलं. अगदी हळू.

"शाळेत होतो तेव्हा मास्तरांनी सांगितलं, तू तुर्क आहेस," ते म्हणाले. "इथे आलो तेव्हा ऑफिसातल्या बाईने लिहिलं, तुर्क. मग मेहुणा सांगायला लागला मी कोण आहे ते. आता तुम्ही भारतातून आलात."

पुढे बऱ्याच स्लाइड होत्या, पण दाखवायची सोय राहिली नव्हती. स्नेहलताने तेवढ्यात पिशवीतून कुंकवाची कोयरी काढली. त्यांना तिच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मुलाच्या मामाला बोलावणं करायला आलोय. त्यांनी विचारलं, मामाचं काय असतं तुमच्यात? तिने सांगितलं. नवरा-नवरीच्या मध्ये पडदा धरतात, आणि तो खाली येईपर्यंत मामा मुलाच्या मागे उभा असतो. मुलाच्या पाठीशी आईचं माणूस पाहिजे म्हणून.

"आणि मी नाही आलो तर कोण उभं राहतं?"

"कोणी नाही," स्नेहलता म्हणाली. "तुमची जागा रिकामी राहील."

त्यांनी समोरची सुपारी उचलून पिठाच्या बोटांत फिरवली. नंतर आम्हाला दोन मोठे पिझ्झा बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. येणार की नाही ते मात्र बोलले नाहीत.

एकूण दौरा फुकट गेला. रथाच्या मूर्तीची स्लाइड आधी घ्यायला हवी होती.

रविवार, ४ मे

याकूबरावांचा फोन. हान्नाला बोलावणं करायला तुम्हाला कोणी सांगितलं? आवाज चढलेला. मी म्हटलं, कोणी कशाला सांगायला पाहिजे, मामा आहे तो. त्यांनी विचारलं, मामाशिवाय तुमच्यात लग्न लागत नाही? मी म्हटलं, लागतं, पण रिकामी जागा बघणाऱ्याला दिसते. पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं ते थांबलं. मग ते नुसतं "आल्झो गूट", म्हणजे बरं तर, म्हणाले आणि फोन ठेवला.

लोक चिडतात, पण मुद्दा आत झिरपत असतो. माझा अनुभव आहे.

मंगळवार, २० मे

जिंकलो! हान्नारावांचा फोन आला. येणार म्हणतात. सूट कोणत्या रंगाचा घालू, पायात बूट चालतील का, हात जोडले नाहीत तर चालेल का, आणि खिशात माझा क्रूस असेल. सगळं चालेल म्हटलं. मी स्नेहलताला सांगितलं, बघ, रथाची स्लाइड नाही तरी अशोकाची त्यांच्या डोक्यात राहिली. तिने तव्यावरची पोळी उलटली. (अशोकाची स्लाइड त्यांनी बघितली होती की त्याआधीच झाकण मिटलं, हे आता नक्की आठवत नाही.)

पण एक मेख आहे. आपल्याकडे अंतरपाट धरण्याआधी दोन्ही घरांची ओळख करून देतात. हे कराडचे अमुक, हे तमुक. ती ओळख मी करून देणार आहे, कारण माइक हातात धरायची हौस मला आहे हे जगजाहीर आहे. हान्नाराव म्हणाले, माइकवरून असिरियन ऐकलं तर मी तिथूनच निघेन. संध्याकाळी याकूबरावांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, अरामी ऐकलं तर मी बसणार नाही.

म्हणजे एकतर मामा जाणार नाहीतर बाप.

गुरुवार, २९ मे

हिमेलफार्टची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. आजीलाच विचारावं म्हणून स्पृहाला घेऊन गीसनला गेलो. आजी अंगणात द्राक्षाची पानं खुडत होती. मी जर्मनमध्ये विचारलं, स्पृहाने तिला तिच्या भाषेत सांगितलं. पानं खुडतच आजीने उत्तर दिलं आणि स्पृहा ते मला जर्मनमध्ये सांगत गेली.

आजीची आई सैफोच्या वेळी लहान होती. गावात माणसं आली आणि दाराशी विचारलं, तुम्ही कोण? तिच्या बापाने सांगितलं, सुर्योये. तेवढंच पुरलं. कुठले, कोणाचे वंशज, हे पुढे कोणी विचारलं नाही. घरातली पाच माणसं गेली.

एका शब्दाशी स्पृहा अडली. जर्मन शब्द तिला येत नसेल असं शक्य नाही. खाली मान घालून ती म्हणाली, "तलवार." मराठीत. मग पुन्हा जर्मन सुरू. मी टोपलीतली पानं मोजत राहिलो. पाखरू बसलं असलं की हलू नये.

उत्तर मात्र मिळालं नाहीच. आजीने पानांची टोपली माझ्या हातात दिली आणि आत निघून गेली.

मंगळवार, १० जून

लग्न शनिवारी. सिद्धेश म्हणाला, काका, नुसतं मुलाकडची मंडळी म्हणा आणि मोकळे व्हा. सिद्धेश कार्ल्सरूहेला पीएचडी करतो आणि शनिवार-रविवार लग्नं लावतो. हुशार मुलगा आहे. सगळेच तेच सांगताहेत. स्नेहलतासुद्धा.

पण माझ्या मनाला ते पटत नाही. आमची ओळख गाव, घराणं, कुळ लावून व्हायची, आणि ज्यांनी राज्य नसताना, देश नसताना, सैन्य नसताना दोन हजार वर्षं एक भाषा तोंडातून तोंडात पोचवली, त्यांची ओळख मुलाकडची मंडळी? हॉटेलातल्या बुकिंगसारखी? माझे व्याही बिननावाचे नाहीत. मी त्यांचं नाव घेणार. कोणतं, ते चार दिवसांत ठरेल.

शुक्रवार, १३ जून

श्टांडेसाम्ट झालं. स्पृहाने सही केली, तिच्याखाली मी. साक्षीदार मी होतो.

नाव ठरलेलं नाही.

रविवार, १५ जून

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज सगळं लिहितो.

हॉल भरला होता. डावीकडे आपली माणसं, पैठण्या आणि फेटे. उजवीकडे त्यांची. त्यांच्यातही मध्ये एक रांग रिकामी, अलीकडे याकूबरावांचे, पलीकडे हान्नारावांचे. हान्नाराव काळ्या सुटात आले, थेट अदायच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. याकूबराव समोरच्या खुर्चीत बसून ते बघत होते. त्यांनी नजर वळवली नाही, एवढं मी पाहिलं. आजी मध्ये, पुढच्या खुर्चीत.

सिद्धेश आणि त्याच्या मित्राने अंतरपाट धरला. स्पृहा पलीकडे, मला दिसेनाशी झाली. मी माइक घेतला. कराडच्या आमच्या घराण्याची ओळख झकास झाली, टाळ्या पडल्या. मग म्हणालो, आणि आज आपल्याला लाभलेले आपले व्याही, हे आहेत...

दोन्हीकडे बघितलं. एका बाजूला याकूबराव खुर्चीच्या हातावर हात टेकून, उठायच्या तयारीत. दुसऱ्या बाजूला अदायच्या खांद्यावरचा तो मोठा हात, निघायच्या तयारीत. खिशात माझी सगळी स्लाइड्सची टिपणं. त्यातलं एक अक्षर आठवेना.

तेवढ्यात अंतरपाटामागून आवाज आला.

"बाबा, थांबा. मी सांगते."

बाबा! मला वाटलं कुंदाच बोलली. तीच कराडची चाल, शब्द जरा ओढून बोलायची. पण लग्नाला आलेली कुंदा तर माझ्या शेजारी बसलेली, तोंडावर पदर धरून, डोळे भरलेले. सिद्धेशने गोंधळून अंतरपाट थोडा खाली घेतला, त्याला आजीने हाताने खूण केली की धरून ठेव. पडद्याआडून माझी लेक बोलत राहिली. मराठीत. ल आणि ळ यांची गल्लत करत, मध्येच थांबत, पण कोणाच्या मदतीशिवाय.

"ही अदायची माणसं. यांच्याकडं राज्य नव्हतं. यांना गावातनं काढलं, मारलं. तरी यांनी घरात आपली भाषा बोलायची सोडली नाही. म्हणून ती अजून आहे. यांना काय म्हणायचं, ते यांचं यांना ठरवू दे. मी काय म्हणते ते सांगते. ही माझी माणसं. म्हणजे बाबा, तुमची पण. आपली माणसं."

मग तेच तिने सुरयतमध्ये सांगितलं. मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. आजीने तोंडाशी हात नेऊन असा काही उंच स्वर लावला, त्यांच्या बायका आनंदात लावतात तसा, की हॉलच्या त्या रिकाम्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी बायकांनी तो उचलला. आपल्या बायकांना राहवेना, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

याकूबराव उठले. मला वाटलं, संपलं. ते चालत निघाले ते थेट मेहुण्याकडे. वाटेत त्यांनी अक्षतांचं ताट उचललं. त्यांनी ते हान्नारावांपुढे धरलं. हान्नारावांनी एक हात अदायच्या खांद्यावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने मूठभर उचलल्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत याकूबराव तिथेच उभे राहिले, ताट धरून, आणि हान्नाराव त्यातून अक्षता घेत राहिले.

मला किती अभिमान वाटला ते लिहून सांगता येणार नाही. लेकीचा वाटला, त्या दोन आडदांड माणसांचा वाटला, आणि का कोण जाणे, माझ्या मराठीचा वाटला. ती एवढ्या माणसांसमोर, एवढ्या मोठ्या भांडणात उभी राहिली आणि कमी पडली नाही.

घरी येताना स्नेहलताने सांगितलं. तिला सगळं माहीत होतं. दीड वर्षापूर्वी स्पृहा आजीकडे गेली, मला तुमची भाषा शिकवा म्हणून. आजीने विचारलं, भूक लागली की तू बापाला कोणत्या भाषेत सांगतेस? स्पृहा म्हणाली, जर्मनमध्ये. आजी म्हणाली, मग आधी ती शिकून ये. बापाची भाषा जिने टाकली तिच्याकडे मी माझी ठेवायला देणार नाही. तेव्हापासून रोज कुंदा. एक धडा कराडकडून, मग एक आजीकडून. मला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण मी मधेच चुका काढल्या असत्या. काढल्या असत्याच.

अशोकाच्या स्लाइडचा हान्नारावांवर थोडाफार परिणाम झाला असणार, हे माझं मत कायम आहे. त्या दगडावरच्या नावासाठी आणखी एक प्रेझेंटेशन करता येईल का, असं मी स्नेहलताला विचारलं. तिने लॅपटॉप कपाटात ठेवून दिलाय, साड्यांच्या खाली.

मघाशी दोघं आली होती. अदाय खाली गाडी लावत होता. स्पृहा चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात आली आणि उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. काल एवढ्या लोकांसमोर बोलली, आणि इथे नुसता मी, तर कान लाल झालेले. हातात कांदा होता तो धरून उभा राहिलो.

"बाबा," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

पोहे भिजवले. दोन मुठी जास्तच.